केमो घ्यायची की नाही? आधी विचारा, 'माझ्यासारख्या शंभरजणींपैकी कितीजणींना फायदा?'

बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठेही घरातल्या बाईला स्तनाचा कॅन्सर निघाला की पहिले काही आठवडे नुसत्या धावपळीत जातात. मॅमोग्राफी, बायोप्सी, ऑपरेशनची तारीख, रक्ताची सोय. तेव्हा फारसे प्रश्न कुणी विचारत नाही, कारण 'गाठ काढायची' हे सगळ्यांना पटलेलं असतं. खरी घालमेल नंतर सुरू होते. टाके निघतात, बाई घरात हिंडूफिरू लागते आणि पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणतात, आता केमो घ्यावी लागेल. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "डॉक्टर सांगालेत, घेऊन टाकायचं." दुसरा म्हणतो, "बरी झालेली बाई, तिला परत कशाला आजारी पाडायचं?"

हा प्रश्न आता आणखी घरांत येणार आहे. देशात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. 2022 मध्ये भारतात त्याच्या सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्ण नोंदल्या गेल्याचा अंदाज आहे. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं उघडण्याची घोषणा झाली. डे-केअर म्हणजे सकाळी जाऊन सलाईनमधून औषध घ्यायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. केमो जवळ येईल, प्रवास वाचेल, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जवळ मिळते म्हणून ती प्रत्येकीला लागतेच असं नाही, आणि त्रास होतो म्हणून ती टाळावी असंही नाही.

मला या लेखात मुख्यतः एकच गोष्ट पोहोचवायची आहे. केमोचा त्रास बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला थोड्याफार फरकानं सारखाच येतो, फायदा मात्र बाईगणिक प्रचंड बदलतो. म्हणून शेजारणीनं घेतली की नाही यावरून आपल्या घरचा निर्णय करता येत नाही. हे सगळं स्तन आणि काख यांच्यापलीकडे न गेलेल्या रोगाबद्दल आहे. रोग हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसात पोहोचला असेल तर उपचारांचा हेतूच बदलतो आणि हिशेब वेगळा होतो.

गाठ तर काढली, मग केमो कशाला?

ऑपरेशननं दिसणारी गाठ जाते. पण गाठ अंगात होती त्या काळात तिच्यातल्या काही पेशी सुटून रक्तातून दूर गेलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात की कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. अशा पेशी एखाद्या बाईत असतात, एखादीत नसतात, आणि कुणात आहेत हे आज खात्रीनं सांगता येत नाही. असल्या तर काही वर्षांनी त्यांतूनच रोग दुसरीकडे उगवतो. त्या आधीच मारून टाकायच्या यासाठी ऑपरेशननंतरची केमो असते. काहीजणींना ती ऑपरेशनच्या आधी देतात. तेव्हा गाठ लहान होते आणि औषध लागू पडतंय का हेही कळतं.

म्हणजे 'रिपोर्टवर सगळं स्वच्छ निघालं' आणि 'केमो घ्या' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. डॉक्टर काही लपवतात असं त्यावरून समजू नका.

'एक-तृतीयांश फायदा' म्हणजे नेमका किती?

सगळा गोंधळ इथे होतो. जगभर रुग्णांवर झालेल्या औषधांच्या चाचण्या एकत्र करून 2012 मध्ये एक मोठा हिशेब मांडला गेला. नेहमीच्या आधुनिक केमोमुळे स्तनाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका सरासरी एक-तृतीयांशानं घटतो, असं त्यातून दिसलं. ऐकायला मोठं वाटतं. पण एक-तृतीयांश कशाचा, हे विचारायला हवं.

खडेबाजारातल्या एखाद्या दुकानात सगळ्या मालावर एक-तृतीयांश सूट आहे असं समजा. 90 रुपयांच्या टॉवेलवर तुमचे 30 रुपये वाचतात, 9,000 रुपयांच्या शालूवर 3,000. दारावरची पाटी एकच. किती वाचलं ते मूळ किमतीवर ठरतं. केमोत मूळ किंमत म्हणजे त्या बाईचा मुळातला धोका.

आता दोन बायका घेऊ. आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी घेतलेत, कुणाच्या रिपोर्टला लावू नका. पहिली 62 वर्षांची, गाठ दीड सेंटीमीटरची, काखेत काही नाही, हार्मोनची गोळी लागू पडणारा प्रकार. समजा तिच्यासारख्या शंभरजणींनी ऑपरेशन करून गोळी घेतली तर दहा वर्षांत सहाजणी या रोगानं दगावतील. केमोनं त्यांतल्या दोघी वाचतील. उरलेल्या 98 जणींपैकी 94 केमोशिवायही जगल्या असत्या आणि चौघी केमो घेऊनही वाचणार नव्हत्या. त्रास मात्र शंभरजणींनी काढला.

दुसरी 38 वर्षांची. हार्मोनची गोळी लागू न पडणारा प्रकार आणि काखेतल्या चार गाठींत (म्हणजे लसिकाग्रंथींत) रोग. समजा तिच्यासारख्या शंभरजणींत केमोशिवाय 45 जणी दगावतील. एक-तृतीयांश म्हणजे 15 जणी वाचल्या. औषध तेच, केस गळणं तेच. पण पहिलीच्या घरी 'घ्यावी का?' यावर बसून विचार करायला जागा आहे. दुसरीच्या घरी केमो नाकारणं म्हणजे फार मोठी जोखीम आहे.

मुळातला धोका रिपोर्टमध्ये कुठे दिसतो?

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि घरचे लोक बहुधा शेवटची ओळ तेवढी वाचतात. पण केमोचा निर्णय मधल्या चार-पाच ओळींवर ठरतो. गाठ किती सेंटीमीटरची, तिची ग्रेड काय (1 म्हणजे संथ, 3 म्हणजे आक्रमक), काखेतल्या किती गाठी तपासल्या आणि त्यांतल्या कितींत रोग निघाला.

त्यानंतर तीन खुणा येतात. ईआर आणि पीआर या हार्मोनच्या खुणा. त्या पॉझिटिव्ह असतील तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी पाच ते दहा वर्षं घेता येते आणि संरक्षणाचा मोठा वाटा ती गोळीच उचलते. तिसरी खूण हर-टू. ही पॉझिटिव्ह असेल तर केमोबरोबर ट्रॅस्टुझुमॅब नावाचं नेमकं त्या खुणेवर काम करणारं इंजेक्शन मिळतं. ते एकेकाळी सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं; 2014 मध्ये बेंगळुरूच्या बायोकॉननं त्याचा तुलनेनं स्वस्त पर्याय आणल्यावर परिस्थिती बदलली. हर-टूसमोर '2 प्लस' लिहिलं असेल तर तो अर्धवट निकाल आहे. फिश नावाची पुढची तपासणी झाल्याशिवाय तो धरायचा नाही. हे ज्यानं त्यानं रिपोर्ट उघडून बघावं, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळंच चुकतं.

तिन्ही खुणा निगेटिव्ह म्हणजे 'ट्रिपल निगेटिव्ह'. यात गोळीचा उपयोग नाही, म्हणून केमोवर भिस्त जास्त. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार दहा-पंधरा टक्के रुग्णांत दिसतो, भारतातल्या अभ्यासांत त्याच्या दुपटीच्या आसपास. आपल्याकडे हा रोग तिकडच्यापेक्षा कमी वयातही येतो. इंटरनेटवर वाचलेलं 'परदेशात आता बऱ्याच बायकांना केमो देत नाहीत' हे वाक्य खरं असलं तरी आपल्या घरातल्या रुग्णाला लागू पडेलच असं नाही, ते यामुळे.

केमोशिवाय भागेल, हे कुणाबाबतीत सिद्ध झालंय?

हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काख स्वच्छ, अशा बायकांबाबतीत. या गटासाठी गाठीच्या तुकड्यातली 21 जनुकं तपासून शून्य ते शंभर असा गुण देणारी ऑन्कोटाईप नावाची चाचणी आहे. 2018 मध्ये तिच्यावर बेतलेल्या टेलर-एक्स या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात दहा हजारांहून जास्त बायका होत्या. मधला गुण, म्हणजे 11 ते 25, आलेल्या बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला नुसती हार्मोनची औषधं, दुसऱ्याला केमो अधिक हार्मोनची औषधं. नऊ वर्षांनी पहिल्या गटातल्या 93.9 टक्के बायका हयात होत्या, दुसऱ्यातल्या 93.8 टक्के. फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे 'एक-तृतीयांश'सुद्धा सगळ्यांना सरसकट लागू होत नाही. काही गाठींवर केमोचा जोर फारसा चालतच नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. वय 50 किंवा त्याहून कमी आणि गुण 16 ते 25 असेल तर केमोचा थोडा फायदा दिसला. काखेतल्या एक ते तीन गाठींत रोग असलेल्या बायकांवरही असाच अभ्यास झाला. तिथे पाळी गेलेल्यांना केमोनं फायदा झाला नाही, पाळी चालू असलेल्यांना झाला. या वयात केमोनं बीजकोश बंद पडतात आणि काही फायदा त्यातूनच होत असावा, असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटतं.

ऑन्कोटाईपचा खर्च लाखांत जातो. बेंगळुरूमध्येच तयार झालेली कॅनअसिस्ट ही चाचणी त्यापेक्षा स्वस्त आहे. ती जनुकांऐवजी गाठीतली प्रथिनं तपासते. ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल तर यांतली कुठलीच चाचणी करून घेऊ नका, त्यांचा तिथे उपयोग नाही.

मागे राहणारे त्रास कोणते?

उलट्या, तोंड येणं, केस जाणं, पांढऱ्या पेशी उतरून ताप येणं, हे त्या काही महिन्यांतले त्रास. केस बहुतेक सगळ्यांचे परत येतात. डोसिटॅक्सेलनंतर क्वचित विरळ राहतात. ताप मात्र साधा समजू नका. केमो चालू असताना 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. पण निर्णय घेताना ज्यांचा विचार राहून जातो ते त्रास नंतरचे असतात.

पहिला, हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा. पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल या औषधांनी टोकाच्या नसा दुखावतात. बऱ्याचजणींचं हे काही महिन्यांत उतरतं, काहींचं वर्षानुवर्षं राहतं. फाईलमध्ये याची नोंद 'ग्रेड 1' किंवा 'ग्रेड 2' अशी होते (ही ग्रेड त्रासाची, गाठीची नव्हे). त्या आकड्यातून निपाणीत बिड्या वळणाऱ्या बाईचं काय होतं ते कळत नाही. तेंदूचं ओलसर पान कात्रीनं कापायचं, चिमटीत जर्दा घेऊन पसरायचा, पान वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. हे सगळं ती बघून करत नाही, बोटांच्या शेंड्यांनी करते. शेंडे बधिर झाले की हजारी भरत नाही आणि मजुरी हजारावर मिळते. वडगाव-शहापुरात मागावर तुटलेला धागा सांधणाऱ्या बाईचं तेच. खानापूरकडे भातलावणीला अनवाणी चिखलात उतरणाऱ्या बाईला तळपाय कापला तरी कळत नाही. म्हणून 'तुम्ही काम काय करता?' हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपणहून सांगावं. मधुमेह असेल तर तेही ठासून सांगावं, कारण नसा आधीच अशक्त असतात. मुंग्या सुरू झाल्या की पुढच्या डोसच्या आधी सांगायचं. तेव्हा डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. 'सहन केलं म्हणजे जास्त लागू पडेल' असं काही नसतं. औषध चढताना गोठवलेले हातमोजे-मोजे घातल्यानं हा त्रास कमी होतो असं काही अभ्यासांत दिसलंय. केंद्रात ती सोय आहे का विचारायला हरकत नाही.

दुसरा, हृदय. लाल रंगाचं जे औषध असतं ते डॉक्सोरुबिसिन. त्याचा हृदयावरचा परिणाम एकूण किती औषध अंगात गेलं त्यावर वाढत जातो. अंगाच्या दर चौरस मीटरला 400 मिलिग्रॅमपर्यंत गेलं तर शंभरात सुमारे पाचजणींचं हृदय कमकुवत होतं, त्यापुढे धोका झपाट्यानं चढतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये चार डोस मिळून त्याच मापानं साधारण 240 मिलिग्रॅमच होतात, म्हणून बहुतेकजणींना ते झेपतं. पण रक्तदाब, वय, आधीचा हृदयविकार असेल तर हिशेब बदलतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) न करता हे औषध सुरू होत असेल तर थांबवून विचारा. ट्रॅस्टुझुमॅबनंही हृदयाची ताकद उतरू शकते. ते थांबवल्यावर ती बहुधा परत येते.

तिसरा, पाळी आणि हाडं. चाळिशीच्या आतल्या बऱ्याचजणींची पाळी परत सुरू होते, चाळिशीनंतर ती कायमची जाण्याची शक्यता वाढते. पाळी लवकर गेली की हाडं लवकर विरविरीत होतात. तरुण बाईला पुढे मूल हवं असेल तर ते पहिल्या डोसच्या आधी बोलावं लागतं, नंतर बोलून फारसं काही हाती उरत नाही. बीजांडं गोठवून ठेवता येतात. केमोच्या काळात दर महिन्याला गोसेरेलिनचं इंजेक्शन दिल्यानं बीजकोश जपले जातात, हे 2015 च्या एका चाचणीत दिसलं: बीजकोश बंद पडण्याचं प्रमाण 22 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आलं. आपल्याकडे सासूसासऱ्यांसमोर बाई हा विषय काढत नाही. तिला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीनं बोलू द्या. आणि पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत असं समजू नये. उपचार चालू असताना गर्भधारणा टाळावीच लागते.

थकवा आणि विसराळूपणाही असतो. गॅसवर दूध ठेवून विसरणं, ओळखीचं नाव न आठवणं. हे मनाचे खेळ नाहीत. बहुतेकजणींचं महिन्यांत, वर्षभरात सुधारतं. पुढे रक्ताचा कॅन्सर होण्याची भीती लोक बोलून दाखवतात. ती शक्यता आहे, पण शंभरात एकीपेक्षा कमी.

घेऊ किंवा नको, एवढेच दोन पर्याय आहेत का?

नाहीत, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. केमो हे एक औषध नाही. हृदय नाजूक असेल तर लाल औषध वगळून डोसिटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फामाइडचे चार डोस हा रूढ पर्याय काहीजणींना चालतो. हर-टू पॉझिटिव्ह पण लहान गाठ आणि काख स्वच्छ असेल तर 12 आठवडे पॅक्लिटॅक्सेल आणि वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब एवढ्यावर भागतं. 406 रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांनी शंभरात 98 हून जास्तजणी रोगाशिवाय होत्या. म्हणून 'नको' म्हणून फाईल बंद करण्याआधी 'यापेक्षा हलकं काही मला चालेल का, आणि त्यानं फायदा किती घटेल?' हे जरूर विचारा.

"आमच्या काकूंना केमोनंच संपवलं"

असं म्हणणाऱ्याचं दुःख खरं असतं. पण काकूंचा रोग बहुतेक वेळा आधीच पसरलेला असतो, किंवा तो किती पुढे गेला होता हे आपल्याला माहीतच नसतं. केमोनं जीव जाण्याचे प्रसंग घडतात, विशेषतः पेशी उतरलेल्या असताना ताप अंगावर काढल्यानं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रोगात ते विरळ आहेत. त्या भीतीवर इलाज म्हणजे थर्मामीटर घरात ठेवणं आणि रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा ते लिहून ठेवणं.

"वय झालंय, आता कशाला?"

सत्तरीची ठणठणीत बाई आणि साठीतली मधुमेह-रक्तदाबानं खंगलेली बाई यांत केमो कुणाला झेपेल हे जन्मतारखेवरून कळत नाही. वय बघून नाकारणंही चूक आणि वय न बघता तरुणीचाच डोस देणंही चूक. मात्र मुलांनी परस्पर निर्णय घेऊन आईला 'ताकदीची सलाईन आहे' म्हणून सांगणं थांबायला हवं. त्रास तिनं काढायचा असतो, आणि चार महिने कशासाठी काढायचे हे तिला कळण्याचा हक्क आहे.

"झाडपाल्याचं घेऊन बघू, नाही गुण आला तर केमो आहेच"

यात वेळ जातो, आणि इथे वेळ म्हणजेच संधी. ऑपरेशननंतर केमो सुरू व्हायला 90 दिवसांहून जास्त उशीर झाला तर निकाल बिघडतात, ट्रिपल निगेटिव्हमध्ये जास्तच. एखादा काढा, भस्म चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. काही पदार्थ यकृतावर भार टाकतात आणि केमोचं औषधही यकृतातूनच जातं.

मग डॉक्टरांसमोर बसून विचारायचं काय?

"डॉक्टर, माझ्यासारख्या शंभर बायका समोर बसल्यात असं समजा. केमो न घेता दहा वर्षांनी त्यांतल्या किती असतील? घेतल्यावर किती?" एवढा प्रश्न पुरे. बऱ्याच डॉक्टरांकडे याचं गणित मांडायला 'प्रेडिक्ट'सारखी साधनं असतात. ते इंग्लंडच्या रुग्णांवरून बनवलेलं आहे, म्हणून त्याचा आकडा अंदाज म्हणून घ्यायचा. मिळालेले दोन आकडे कागदावर लिहून घ्या आणि त्यांच्याखाली आपल्या कामाला, संसाराला कुठला त्रास सर्वांत जड जाईल तो लिहा. दोन टक्के फायद्यासाठी एखादी सगळं सोसायला तयार होते, एखादी होत नाही. दोघीही बरोबर असू शकतात. पंधरा टक्के असतील तर मी माझ्या सख्ख्या बहिणीला हात धरून घेऊन जाईन.

भाषेची अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा. हुबळीला किंवा बेंगळुरूला समजावणं कन्नडमध्ये होतं, मुंबईला हिंदी-मराठीत, आणि कामापुरतं कन्नड येणाऱ्या बाईलाही अशा वेळी आपल्या भाषेत ऐकायचं असतं. चांगलं कन्नड येणारं घरचं माणूस बरोबर न्या आणि त्याला वाक्यन् वाक्य सांगायला लावा, सारांश नको.

पैशाचं आधीच बघा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, एपीएलला खर्चाच्या 30 टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचं महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये जाहीर केलं. कुठलं कार्ड कुठल्या दवाखान्यात चालतं हे पहिला डोस घेण्याआधी त्या दवाखान्याच्या योजना कक्षात विचारून घ्या.

दोन डॉक्टरांची दोन मतं पडली तर घाबरू नका. फायदा थोडा असतो तिथेच मतं वेगळी होतात. मोठा असतो तिथे बहुधा एकमत असतं. तिसरं मत हुबळीच्या कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, बेंगळुरूच्या किदवईत किंवा मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये घेता येतं. जाताना नुसती फाईल नेऊ नका. ज्या लॅबनं गाठ तपासली तिच्याकडून मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. ते मागायचा तुम्हाला अधिकार आहे. ते बरोबर नसले तर पुन्हा तपासणीसाठी परत यावं लागतं, आणि त्या नव्वद दिवसांतले आठ-दहा दिवस प्रवासातच जातात.